चौदा महिने, असं मी लिहिलं

११ मे, रविवार
साताऱ्याच्या कॉलेजचा फॉर्म उघडला. फूड टेक्नॉलॉजी, चार वर्षं, होस्टेल आवारातच. नाव, पत्ता, बारावीचे मार्क इथपर्यंत सगळं सुरळीत. मग पान ४. 'शिक्षणात खंड असल्यास कारण सविस्तर लिहा.' आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात: 'वैद्यकीय माहिती (ऐच्छिक).'

ऐच्छिक! या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. रिकामं सोडलं तर म्हणणार, पोरगी लपवते. भरलं तर नाव वेगळ्या गठ्ठ्यात. विचारायचं नव्हतं तर चौकोन कशाला काढला?

खंडाचं कारण सोपं आहे. मागच्या वर्षी फिजिक्सच्या पेपरला मी बाकावरून खाली पडले. म्हणजे तसं मला सांगितलं गेलं. मला आठवतं ते एवढंच: प्रश्न २ ब, आणि मग एकदम रिक्षाचं छत. मधला भाग नेहमी दुसऱ्यांकडे असतो. ते देतील तेवढाच मला मिळतो.

डॉ. अपस्मार म्हणतात. आई 'चक्कर' म्हणते. पप्पा काहीच म्हणत नाहीत. मी वहीत 'ते' लिहिते. शेवटचं 'ते' मागच्या वर्षी ९ एप्रिलला. म्हणजे तेरा महिने झाले. हा आकडा मला पाठ आहे, आमच्या गल्लीतल्या पोरांना क्रिकेटचे स्कोअर असतात तसा.

गोळी: सकाळ ✓ रात्र ✓

१४ मे, बुधवार
पप्पांबरोबर कोर्टापाशी. गॅपचं प्रतिज्ञापत्र करायला. कुपवाडचं वर्कशॉप अर्धा दिवस बंद ठेवलं त्यांनी, लेथवरचं काम तसंच सोडून आले. हाताला ग्रीस.

टायपिस्टने मान वर न करता 'घरगुती अडचणीमुळे' एवढं टाइप करूनसुद्धा टाकलं. मी म्हटलं, आजारपण होतं.

"आजारपण नका टाकू ताई. मग डॉक्टरचा कागद मागत्यात. घरगुती म्हटलं की कोण इचारत न्हाई. माझ्याकडं समद्यांचं घरगुतीच असतंय."

मी पप्पांकडे बघितलं. वाटलं, आता म्हणतील राहू दे. पण ते म्हणाले, "आजारपणच लिवा." मला इतकं बरं वाटलं की खोटं वाटलं. आणि बरोबर वाटलं होतं. बाहेर उसाचा रस पिताना हळूच विचारलं, "कुठला आजार ते न्हाई ना पडलं त्यात?"

नाही पडलं. गाडी चालू करताना पप्पांनी चक्क शीळ घातली.

१७ मे, शनिवार. पलूस
उद्या ताईचा साखरपुडा, इथे गावच्या घरी. मुलाकडचे पाटणहून येणार. नितीन दाजी (अजून दाजी म्हणायचं की नाही? म्हणते) मला आवडले. फार बोलत नाहीत. पण फार न बोलणाऱ्यांचा मला जरा... थांबा, आई आली.

आईने माझी गोळ्यांची डबी काढून घेतली. "पाव्हण्यांम्होरं नको. रव्याच्या डब्यात ठेवलीया, पार तळाला. लागंल तवा माग." म्हटलं, रव्यात? म्हणाली, रव्यात कोण हात घालतंय.

आईला भीती आहे की पाटणची माणसं विचारतील, घरात आणखी कुणाला आहे का. तसं ती बोलत नाही. पण सकाळपासून माझ्याकडे बघते आहे ती, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी. ताईच्या लग्नात मी अडचण आहे का? सरळ सांगा ना.

मेंदी, पाहुणे, गडबड. झोप होणार नाही आज.

१९ मे, सोमवार. सांगली
परत आलो. साखरपुडा छान झाला. ताईचा शालू मोरपंखी. जेवणात शिरा.

शिऱ्याचीच गंमत. सकाळी कुणीतरी रव्याचा अख्खा डबा उचलून मागच्या अंगणात आचाऱ्याला दिला. डबीसकट. आईच्या ते दुपारी लक्षात आलं. एक गो. चुकली. एकीने काही होत नाही.

दुपारी मी झोपले होते, वरच्या खोलीत. उठले तेव्हा साडीऐवजी ड्रेस अंगावर. आई म्हणाली, "ऊन लागलं तुला. घामानं साडी भिजली हुती, मग बदलली." अंगठ्या घालताना मी नव्हते म्हणे. वाईट वाटलं. कुणी उठवलं का नाही?

तोंड आलंय. तिखट जात नाही. दहीभात.

१८ चं पान कोरं राहिलं. असू दे.

२३ मे, शुक्रवार
गोळीची नवी स्ट्रिप. रंग वेगळा. आधीच्या पाकिटावर ५०० होतं, यावर ७५०. आईला विचारलं.
"कंपनी बदलली आसंल."
कंपनी बदलली तर नाव बदलतं, आकडा कसा बदलेल?
"मला काय म्हाईत, तुज्या पप्पांनी आणल्यात."
पप्पा जेवताना ताटात बघून म्हणाले, "दुकानदारानं दिल्या तशा आणल्या." पप्पा लेथवर सूतभर फरक सोडत नाहीत, माप चुकलं तर जॉब परत पाठवतात. ते दुकानदाराने दिलं तसं घेतील?

काहीतरी शिजतंय. माझ्या फॉर्मबद्दल असेल. होस्टेलला पाठवायचं नाही म्हणून डॉ.ना भेटले असतील, गुपचूप. तसं असेल तर मी बोलणारच नाही घरात.

२ जून, सोमवार
फॉर्म पाठवला!! घरात कुणाला न दाखवता. ताई आत येत होती, मी लॅपटॉप मिटला. तिने दोनदा विचारलं, काय लिहिलंस आजाराबद्दल? तिला काय करायचंय? सासरी सांगायचंय की सासरपासून लपवायचंय?

पान ४ वर जे लिहिलं त्यातलं शेवटचं इथे उतरवून ठेवते. पाच वेळा खोडून लिहिलंय, म्हणून लाडकं आहे:

'मला अपस्मार आहे. त्यामुळे माझं एक वर्ष गेलं. मी ते लपवत नाही, कारण लपवल्यामुळे मला आजारापेक्षा जास्त त्रास झाला आहे. मी नियमित औषध घेते. गेल्या चौदा महिन्यांत मला एकही झटका आलेला नाही.'

खरं तर चौदाला सात दिवस कमी आहेत. पण मुलाखतीपर्यंत भरतील. ऐच्छिक चौकोनही भरला. घ्या.

८ जून, रविवार
साखरपुड्याचा अल्बम आला. ताई वर्कशॉपच्या हिशेबात पप्पांना मदत करत होती, मी एकटीच बघत बसले.

सुरुवातीच्या फोटोंत मी आहे. ताईच्या मागे, निळी साडी, हातात तबक. मग एक फोटो: नितीन दाजी एकटेच खुर्चीवर, हातात पेढ्यांचा बॉक्स. शेजारची ताईची खुर्ची रिकामी. आणि मांडवातल्या एकूण एक माणसाची मान उजवीकडे. भटजींचीसुद्धा. फोटोग्राफरने काय म्हणून हा फोटो काढला आणि काय म्हणून अल्बमात लावला देव जाणे.

पुढच्या फोटोत ताई परत खुर्चीवर. केसांतला गजरा गायब. शालूच्या निऱ्यांवर ओला डाग. हसते आहे, पण ते हसू मी ओळखते. दहावीला गणितात नापास झाली तेव्हा पप्पांना सांगताना असंच हसली होती.

मी पुढच्या एकाही फोटोत नाही.

ताईला विचारलं, हे सगळे तिकडे काय बघतायत?
"अगं, कुणाचं तरी पोरगं पडलं ओट्यावरून."
कुणाचं?
"पाहुण्यांतलं. तू जेवलीस का?"

तासाने आईला विचारलं, तोच फोटो, तोच प्रश्न.
"जनरेटर बंद पडला हुता न्हवं का, म्हणून समदी तिकडं बघत हुती."

एका फोटोला दोन गोष्टी. निदान आपसात ठरवून तरी घ्यायचं.

९ जून, सोमवार
आज चौदा पूर्ण. पेढे वाटायचं ठरवलं होतं मनात. नाही आणले.

१२ जून, गुरुवार
आईबरोबर डॉ.कडे. कॉलेजला पत्र हवंय: आजार काय, औषध काय, शेवटचा झटका कधी, होस्टेलला हरकत आहे का.

डॉ. लिहीत होते. "शेवटचा झटका..." असं ते पुटपुटले तर आई माझ्या आधी बोलली. "मागल्या साली. एप्रिलात." परीक्षेत पाठ केलेलं उत्तर येतं तशी.

डॉ.नी पेन खाली ठेवलं. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मागच्या महिन्यात तुझे पप्पा येऊन गेले. डोस तेव्हाच वाढवला आपण. मला वाटलं तुला माहीत आहे."

आईने पदर हातात घेतला आणि पिळत बसली.

डॉ. माझ्यावरच चिडल्यासारखे म्हणाले, "एकोणीस वर्षांची आहेस. आजार तुझा आहे. पत्रात ती एक तारीख मी कोरी सोडतो. घरी बसून बोला. मग फोन कर, मी भरून देतो." आईला: "तुम्ही सांगा तिला. मी सांगितलं तर ते बरं दिसणार नाही."

रिक्षा केली. विश्रामबाग आलं. तिथे आई म्हणाली, "तुला जपायलाच केलं गं." मला इतका राग आला होता की दात दुखत होते.

१३ जून, शुक्रवार
सांगितलं. आधी आई रडली. मग ताईने सगळं सांगितलं, मला समोर बसवून, सलग.

१८ मे, साडेबारा. अंगठ्या घालायच्या होत्या. मी तबक घेऊन उभी होते. तबक पडलं. मग मी. ताई खुर्चीवरून उठून धावली, माझं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी म्हातारं माणूस चप्पल घेऊन आलं नाकाला लावायला. ताईने ती चप्पल भिरकावली, आणि ओरडली, की बाजूला व्हा सगळे, हवा येऊ द्या. भर मांडवात, नवरी. दाजींनी घड्याळ बघितलं. चार मिनिटं. त्यांनाच सुचलं ते, वेळ बघायचं. आई म्हणाली, "तुजं पप्पा गाडी आणाय पळालं."

मी म्हटलं, म्हणजे दाजींना माहितीये?
ताई: "त्यांना मी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. त्यांच्या आईलाही."
म्हणजे लपवलं कुणापासून?
आई पुन्हा पदर पिळायला लागली.
दीडशे पानं उठली होती त्या दिवशी. दीडशे माणसांना माहीत. भटजींना, आचाऱ्याला, फोटोग्राफरला. महिनाभर एकटी मी चौदा महिने मोजत बसले होते. आणि जिला व्हायचं ते झालं तिलाच कुणी सांगितलं नाही!

आई म्हणाली, "तू किती खुशीत हुतीस. बोटावर म्हयनं मोजायचीस. मला न्हाई धीर झाला." मला वाटलं ओरडावं. ओरडले. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. दुसरं कुठे ठेवणार?

आता खरं ते. १९ तारखेचं पान काढून बघितलं. 'तोंड आलंय' असं लिहिलंय. तोंड आलं नव्हतं. जिभेच्या डाव्या कडेला दात रुतल्याचा वळ होता. मी तो आरशात बघितला होता, नीट, उजेडात जाऊन. 'ते' झालं की जीभ चावली जाते, हे मला ठाऊक नाही का? मग लाईट बंद केला आणि दहीभात खाल्ला. घरातल्या प्रत्येकावर संशय घेऊन झाला. या वहीवर घ्यायचा राहिला होता.

१८ चं कोरं पान आईपुढे ठेवलं. म्हटलं, तू लिही. बराच वेळ पेन धरून बसली. मग लिहिलं: 'आज सायलीला झटका आला. चार मिनीट. शुद्धीवर आल्यावर तीने पहीले विचारले ताईच्या अंगठ्या झाल्या का.'

हे मी विचारलं होतं? मला आठवत नाही. पण माझंच वाटतं.

१४ जून, शनिवार
फॉर्म दुरुस्त होत नाही. लॉक. कॉलेजला फोन केला. बाई म्हणाल्या, काय असेल ते मुलाखतीत सांगा, २० तारखेला. नाव काय म्हणालात? मी नाव सांगायच्या आत फोन ठेवला. (का ठेवला?)

आई: "ऱ्हाऊ दे की गं. डॉक्टरांस्नी म्हण तारीख नगंच. साताऱ्यात कोण सांगाय बसलंय?"
ताई: "मी असते तर सांगितलं नसतं. पण तू विचारू नकोस मला."
पप्पा टीव्ही बघत होते. आवाज शून्यावर.

आईचं म्हणणं पटत नाही असंही नाही. चौदा महिने म्हटलं तर घेतील. एक महिना म्हटलं तर? बॉयलर, गरम तेल, मशीन, होस्टेलचे जिने. मी त्यांच्या जागी असते तर मला घेतलं असतं का? नसतं, बहुतेक. मग मी खरं का सांगू? कारण पान ४ वर मोठ्या तोंडाने लिहून बसले आहे की मी लपवत नाही. आणि तिथे पुन्हा काही झालं, तर जे मला घरात केलं तेच मी त्यांना केलेलं असेल.

डॉ.ना फोन केला. तारीख सांगितली. "शाबास," म्हणाले. शाबास कशाचं, अजून काही केलं नाही.

२० जून, शुक्रवार. एसटीत, साताऱ्याहून परत
अक्षर हलतंय.

पप्पा आले होते बरोबर. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर अर्धा तास. माझ्या फायलीत दोन प्रिंट: फॉर्म, आणि डॉ.चं पत्र. एकात चौदा महिने, दुसऱ्यात १८ मे. पप्पा म्हणाले, "कुठला वर ठिवलाईस?" मी दाखवलं. पत्र. त्यांनी रुमालाने माझ्या फायलीवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

आत तिघं. बसायच्या आधीच म्हणून टाकलं, बसले असते तर धीर गेला असता. "सर, फॉर्ममध्ये मी एक गोष्ट चुकीची लिहिली आहे. तेव्हा मला ती खरी वाटत होती." मग थांबले. मग म्हटलं, "खरी वाटावी असं मला वाटत होतं." आणि १८ मे सांगितली. साखरपुडा, रवा, सगळं. मधल्या बाई रव्याला हसल्या. डावीकडचे सर नाही हसले.

ते: "पुन्हा होणार नाही कशावरून?"
"होऊ शकतं, सर."
"होस्टेलवर झालं तर?"
म्हटलं, खोलीतल्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगेन काय करायचं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल तर नाहीच, वेळ बघायची. आणि शुद्धीवर आले की मला सगळं सांगायचं. झोपली होतीस असं म्हणायचं नाही.

बाईंनी काहीतरी लिहिलं. बरंच लांब. मी वाकून बघायला गेले तर कागदावर हात आडवा ठेवला. काय लिहिलं असेल? 'प्रामाणिक' असेल, किंवा 'जोखीम'. एवढ्या वेळात दोन्ही लिहून होतं.

एसटीत पप्पांनी विचारलं, "काय काय इचारलं?" मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. ते खिडकीतून बघत होते. कराड गेलं. मग म्हणाले, "गाडी आणाय न्हवतो गेलो मी."
कधी?
"त्या दिशी. तुजी आई म्हणती गाडी आणाय पळालो. गाडी दारातच हुती की. मी मागं गोठ्याकडं जाऊन हुबा ऱ्हायलो. बगवलं न्हाई मला."

पहिल्यांदा वाटलं, हे वहीत लिहू नये. मग त्यांनाच विचारलं, लिहू का? "लिव," म्हणाले.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी थांबा."
"थांबतो."

पुढची वेळ. आमच्या घरात हा शब्द आज पहिल्यांदा कुणी खाली पडू दिला नाही.

यादी ३० तारखेला लागणार, कॉलेजच्या फळ्यावर आणि मोबाइलवर. आता इस्लामपूर फाटा. पप्पा झोपलेत, की झोपल्याचं नाटक करतायत. रात्रीची गो. सांगलीला पोचल्यावर.